यरीहोच्या वाटेवरचे घर : जेन ॲडम्स आणि हल हाऊस

चांगल्या शोमरोन्याचा दाखला शिकवला नाही असा शब्बाथ शाळेचा शिक्षक आपल्या मंडळ्यांत शोधूनही सापडणार नाही. मुलांनाही तो तोंडपाठ असतो. याजक आला आणि बाजूने निघून गेला; लेवी आला, तोही निघून गेला; शोमरोनी मात्र थांबला. त्याने जखमा बांधल्या, त्या मनुष्याला उतारशाळेत नेले, खर्चाचे पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने पुढे गेला. पण ज्या वाटेवर आज एक मनुष्य लुटला गेला, त्या वाटेवर उद्याही कोणी लुटला जाणार, परवाही जाणार. तेथे रोज शोमरोनी कोठून आणावा?

अमेरिकेतील शिकागो शहरात एका ख्रिस्ती बाईंनी या प्रश्नाला साधे उत्तर दिले. त्या वाटेवरच बिऱ्हाड करून राहिल्या. त्यांचे नाव जेन ॲडम्स व त्या घराचे नाव हल हाऊस. १८८९ साली त्या तेथे राहावयास गेल्या, आणि १९३५ साली त्यांची अंत्यविधीची उपासना त्याच घराच्या अंगणात झाली. मधल्या पंचेचाळीस वर्षांत त्या घराने एका मोहल्ल्याची सेवा केली आणि त्या सेवेतून देशाचे कायदे बदलले. शेजारी होणे म्हणजे काय, हे त्यांना त्या घरात हळूहळू, आणि पुष्कळदा ठेच लागून, शिकावे लागले. त्या शिकण्याचीच ही हकीकत आहे.

वाकड्या पाठीची मुलगी

जेनचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. वडील गिरणीचे मालक, राज्याच्या सिनेटचे सभासद आणि अब्राहम लिंकन यांचे स्नेही होते. ते क्वेकर विचारांचे, सत्याला अत्यंत जपणारे गृहस्थ होते. जेन अवघी दोन वर्षांची असताना आई वारली. चौथ्या वर्षी तिला पाठीच्या कण्याचा क्षय झाला आणि पाठ कायमची वाकडी झाली. मान एका बाजूला झुकवून चालणारी ही मुलगी स्वतःला कुरूप समजे.

वडील गावच्या शब्बाथ शाळेत पवित्र शास्त्राचा मोठा वर्ग घेत. परगावचे पाहुणे आले की, अशा देखण्या पुरुषाची ही अशी मुलगी आहे हे त्यांना कळू नये म्हणून लहानगी जेन प्रार्थनामंदिरातून निघताना वडिलांचा हात न धरता काकांच्या बाजूने चाले. पुढे एके दिवशी शेजारच्या शहरात, भर रस्त्यावर, वर्दळीत, वडिलांची व तिची अचानक गाठ पडली. वडिलांनी आपली उंच रेशमी टोपी काढून, एखाद्या मानकरी बाईला करावे तसे, तिला लवून अभिवादन केले. त्या एका कृतीने मुलीच्या मनातील सगळी खंत धुऊन गेली. आपल्यापैकी जे मुलांना शिकवतात त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. त्या दिवशी वडिलांनी तिला काही शिकवले नाही, फक्त मान दिला.

दुसरा एक प्रसंग. आठ वर्षांच्या जेनला नवा, अतिशय सुंदर झगा मिळाला होता. तो घालून ती शब्बाथ शाळेला निघाली. वडिलांनी झग्याचे कौतुक केले, पण सुचवले की तिने जुनाच घालावा. त्यानेही ऊब तितकीच मिळेल आणि इतर मुलींना वाईट वाटणार नाही. तिने तो बदलला. त्याआधीच, सात वर्षांचीही नसताना, गिरणीजवळच्या गरिबांच्या खुराड्यांसारख्या घरांची रांग पाहून तिने ठरवून टाकले होते की मोठेपणी आपण मोठे घर बांधायचे, पण ते अशाच लहान घरांच्या मधोमध.

आठ रिकामी वर्षे

१८८१ साली रॉकफर्ड येथील मुलींच्या विद्यालयातून त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्याच उन्हाळ्यात वडील अचानक वारले. डॉक्टर होऊन गरिबांची सेवा करावी म्हणून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. पण पाठीच्या दुखण्याने शिक्षण सोडावे लागले. पाठीवर शस्त्रक्रिया झाली व सहा महिने अंथरुणात गेले. बरे वाटल्यावर श्रीमंत घरच्या मुली करीत तसा युरोपचा प्रवास झाला. चित्रे पाहिली, भाषा शिकल्या, संगीत ऐकले. मनाला मात्र समाधान नव्हते.

१८८३ साली लंडनच्या पूर्व भागात त्यांनी शनिवारच्या मध्यरात्री एक देखावा पाहिला. रविवारी बाजार बंद, म्हणून सडू लागलेली भाजी लिलावाने विकली जात होती आणि फाटक्या कपड्यांतील माणसांचे शेकडो हात ती घेण्यासाठी वर उंचावले होते. एकाने कोबीचा गड्डा मिळताच तेथेच फुटपाथवर बसून तो न धुता, कच्चाच खाल्ला. ते उंचावलेले हात जेनबाईंच्या डोळ्यांपुढून पुढे कधी हलले नाहीत. तरीही त्या तेथून निघून आल्या, जसे आपण सर्वच निघून येतो.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८८८ च्या वसंतात, स्पेनमधील माद्रिद येथे त्या मैत्रिणींबरोबर बैलांची झुंज पाहावयास गेल्या. रक्त पाहून सोबतच्या बायका उठून गेल्या. या मात्र शेवटपर्यंत पाहत बसल्या. त्या रात्री त्यांना स्वतःची भीती वाटली. जनावरे मरताना आपण स्वस्थ बसू शकलो, एवढेच त्यांना लागले नाही. सेवेची तयारी चालू आहे, असे म्हणत आपण वर्षानुवर्षे स्वतःला फसवीत आलो, हे त्यांना स्पष्ट दिसले. अभ्यास, प्रवास, संकल्प, पुन्हा अभ्यास, अशी ती तयारी कधी संपतच नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली मैत्रीण एलन गेट्स स्टार हिला मनातील बेत सांगितला.

तो बेत पक्का करण्यासाठी त्या लंडनला टॉयन्बी हॉल पाहावयास गेल्या. व्हाइटचॅपल या दरिद्री भागातील सेंट ज्यूड मंडळीचे पाळक रेव्हरंड सॅम्युएल बार्नेट व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी १८८४ साली हे घर उघडले होते. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे शिकलेले तरुण तेथे गरिबांमध्ये राहत, त्यांना शिकवीत आणि त्यांच्यापासून शिकत. अशा घराला सेटलमेंट म्हणू लागले, कारण सेवा करणारा बाहेरून येऊन परत जात नसे. तेथेच वस्ती करून राहत असे.

हॉलस्टेड रस्त्यावरील बिऱ्हाड

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेनबाई, एलन स्टार आणि घरकाम पाहणाऱ्या मेरी कीझर अशा तिघी शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यात राहावयास गेल्या. चार्ल्स हल नावाच्या व्यापाऱ्याने १८५६ साली तो बांधला होता. तेव्हा तो शहराबाहेर होता. पण शहर वाढत वाढत त्याला वेढून पुढे गेले होते. भोवती इटालियन, जर्मन, आयरिश, ग्रीक, बोहेमियन, तसेच पोलंड व रशियातून आलेले यहूदी अशी सुमारे पन्नास हजार माणसे त्या वॉर्डात दाटीवाटीने राहत. रस्ते चिखलाचे, गटारे उघडी, पुष्कळ घरांना नळाचे पाणीही नाही. वडिलांकडून आलेला पैसा जेनबाईंनी या घरात घातला. वाड्याच्या मालकीण हेलन कल्व्हर यांनी पुढे भाडे घेणेही बंद केले.

पहिल्या आठवड्यांतच बालवाडी सुरू झाली. मग मुलांचे क्लब, मोठ्यांचे संध्याकाळचे वर्ग, आजाऱ्यांची शुश्रूषा. पण प्रत्यक्ष काम पुष्कळदा याहून साधे असे. प्रेत धुण्यास मदत करणे, बाळंतिणीजवळ बसणे, तान्हे मूल सांभाळणे, पत्र वाचून दाखवणे, ही कामे शेजारणी येऊन सांगत आणि या बाया ती करीत. दुसऱ्या वर्षी आठवड्याला सुमारे दोन हजार माणसे त्या दारातून ये-जा करू लागली. १९०७ पर्यंत मूळ वाड्याभोवती इमारतींची संख्या तेरावर गेली. पाळणाघर, व्यायामशाळा, चित्रांचे दालन, नाट्यगृह, कामकरी मुलींचे सहकारी वसतिगृह हे सर्व त्यांत होते.

शेजाऱ्यांनी शिकवलेले धडे

परंतु या यशाबरोबर जे फसले तेही सांगितले पाहिजे, कारण जेनबाईंनी स्वतः ते कधी झाकले नाही.

शेजारच्या बायका दिवसभर कारखान्यांसाठी शिवणकाम करीत. त्यांना धड स्वयंपाक करण्यास वेळ नसे. तेव्हा हल हाऊसने पौष्टिक व स्वस्त अन्नाचे एक सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. कोणत्या पदार्थात किती सत्त्व आहे हे शास्त्राप्रमाणे मोजून सर्व शिजवले. शेजारी फारसे फिरकलेच नाहीत. इटालियन माणसाला आपल्या चवीचे हवे, यहूद्याला त्याच्या नियमाप्रमाणे हवे. अन्न पौष्टिक होते. पण खाणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. आपल्या महिला मंडळांनीही याचा विचार करण्यासारखा आहे.

दुसरा धडा फार दुःखद होता. १८९३ च्या मंदीच्या हिवाळ्यात कामे बंद पडली. पूर्वी मालाच्या पाठवणीचा कारकून असलेला एक मनुष्य मदत मागण्यास आला. दानधर्माच्या संस्थांचा नियम असा होता की, काम उपलब्ध असेल तर मदत द्यावयाची नाही. त्या वेळी कालवा खोदण्याचे काम मिळत होते. जेनबाईंनी त्याला ते सांगितले. तो म्हणाला की त्याने नेहमी बसून काम केले आहे, थंडीत उघड्यावरचे काम त्याला सोसणार नाही. त्यांनी नियम सोडला नाही. तो गेला, दोन दिवस खोदकाम केले, न्यूमोनिया झाला आणि आठवड्याने मेला. त्याची दोन मुले पुढे हल हाऊसच्या भोवतीच वाढली. जेनबाई त्यांना पाहत, आणि प्रत्येक वेळी त्यांना हे आठवे की, नियमाने माणूस ओळखता येत नाही. त्याचे जिणे सविस्तर ठाऊक असावे लागते. ज्याला ज्याला मंडळीच्या धर्मादाय निधीतून काही द्यावे लागते, त्याने ही गोष्ट उशाशी ठेवावी.

तीन मुले आणि एक कायदा

पहिल्याच नाताळात या बायांनी शेजारच्या मुलींना गोळ्या व मिठाई वाटली. काही मुलींनी ती घेतली नाही. विचारल्यावर कळले की त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला आहेत. सहा आठवडे सकाळी ७ पासून रात्री ९ पर्यंत त्यांनी मिठाईच भरली होती, आणि आता ती डोळ्यांपुढेही नको होती. नाताळचा आनंद कोठून येतो व त्याची किंमत कोण देतो, हे त्या दिवशी हल हाऊसला कळले.

मोहल्ल्यात जी पहिली तीन अपंग मुले त्यांना आढळली, ती तिन्ही आई कामावर असताना जायबंदी झाली होती. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडले होते. दुसरे भाजले होते. तिसऱ्याचा कणा वाकला होता, कारण तीन वर्षे त्याला दिवसभर स्वयंपाकघरातील टेबलाच्या पायाला बांधून ठेवीत. दुपारी मोठा भाऊ कारखान्यातून धावत येऊन त्याला सोडी व आपल्या शिदोरीतले खाऊ घाली. वाकड्या पाठीच्या जेनबाईंना ते मूल पाहून काय वाटले असेल! आईला दोष देणे सोपे होते. त्यांनी पाळणाघर काढले.

पण पाळणाघराने सगळे भागत नव्हते. क्लबातील तीन मुलांना एकाच कारखान्यातील एकाच यंत्रावर इजा झाली. त्या यंत्राला थोडक्या डॉलरांत बसणारी जाळी नव्हती. त्यांपैकी एक मुलगा मरण पावला. आता तरी मालकांना धक्का बसेल, असे जेनबाईंना वाटले. मालकांनी काही केले नाही. नुकसानभरपाई मागणार नाही, अशा कागदावर आईबापांनी आधीच अंगठे उठवलेले होते. शोमरोन्याचे तेल व द्राक्षारस येथे पुरणार नव्हता. वाटेवरचा लुटारूच रोखावयास हवा होता.

फ्लॉरेन्स केली नावाच्या विदुषी १८९१ च्या अखेरीस हल हाऊसमध्ये राहावयास आल्या होत्या. त्यांनी घरोघर फिरून शिवणकामाच्या कोंदट खोल्यांची पाहणी केली. त्या माहितीच्या जोरावर १८९३ साली इलिनॉय राज्याने कारखान्यांचा कायदा केला. १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी आली व स्त्रियांसाठी दिवसाला ८ तासांची मर्यादा ठरली. केलीबाई मुख्य कारखाना-निरीक्षक झाल्या. मालक चिडले हे उघडच आहे. पण कित्येक शेजारीही रागावले, कारण मुलाची मजुरी बुडाली की चूल अडे. शेजाऱ्याच्या हितासाठी शेजाऱ्याचाच राग सोसणे, ही सेवेतील सर्वांत कठीण गोष्ट होय. १८९५ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ८ तासांचे कलम रद्द केले. त्यांनी पुन्हा आरंभ केला.

१८९९ साली शिकागोत अमेरिकेतील पहिले बालन्यायालय स्थापन झाले. चुकलेल्या मुलाला चोर-दरोडेखोरांबरोबर तुरुंगात न कोंडता सुधारण्याची संधी द्यावी, यासाठी हल हाऊसच्या बायांनी फार खटपट केली होती. त्यांच्यापैकीच ज्युलिया लॅथ्रॉप या १९१२ साली अमेरिकन सरकारच्या नव्या बालकल्याण खात्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. टेबलाच्या पायाला बांधलेल्या मुलापासून निघालेली वाट राजधानीपर्यंत अशी पोहोचली.

कचऱ्यामागे धावणाऱ्या बाई

जेनबाईंना पगार मिळालेली एक नोकरी ऐकून वाचकांना नवल वाटेल. त्या कचरा-निरीक्षक होत्या.

त्या वॉर्डात रस्त्याच्या कडेला मोठ्या लाकडी पेट्यांत कचरा साचे व कुजे. लहान मुले त्यावरच खेळत. लहान मुलांचे मृत्यू फार होत. हल हाऊसच्या महिला मंडळाच्या सभासदांनी दोन महिने गल्लोगल्ली हिंडून आरोग्य खात्याकडे १,०३७ तक्रारी नोंदवल्या. विशेष फरक पडला नाही. १८९५ साली जेनबाईंनी कचरा उचलण्याच्या ठेक्यासाठी स्वतःच निविदा भरली. ती तांत्रिक कारणाने नाकारली गेली; पण एवढा गाजावाजा झाला की महापौरांनी त्यांना वॉर्डाचे निरीक्षक नेमले. पगार वर्षाला १,००० डॉलर. त्या पहाटे उठून गाड्या वेळेवर निघतात की नाही हे पाहत, गाड्यांमागून उकिरड्यापर्यंत जात, घरमालकांवर खटले भरीत. एका अरुंद रस्त्यावर कचऱ्याचा थर खणता खणता १८ इंच खाली फरसबंदी सापडली. तेथे फरसबंदी आहे हे राहणाऱ्यांना ठाऊकच नव्हते.

सिनेटरची मुलगी, महाविद्यालयात शिकलेली, आणि उकिरड्यावर उभी! बऱ्याच प्रतिष्ठितांना हे शोभले नाही. आपल्या देशात तर कचरा व झाडू यांना जातीचा विटाळ चिकटलेला. तेव्हा हा प्रसंग आपल्याला अधिकच बोलका वाटावा.

मुलांना आईबापांची लाज

बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या वाचकांना पुढील गोष्ट विशेष जवळची वाटेल. परदेशातून आलेल्या आईबापांची मुले शाळेत इंग्रजी शिकत आणि घरच्या भाषेची, आईच्या पेहरावाची, तिच्या डोक्यावरील रुमालाची त्यांना लाज वाटे. एक इटालियन मुलगी हल हाऊसमध्ये स्वयंपाकाच्या वर्गाला येई. त्याच वेळी तिची आई सूतकताई दाखवण्यास येई. मुलगी मुद्दाम दुसऱ्या दाराने आत शिरे.

१९०० साली जेनबाईंनी एक श्रमसंग्रहालय उघडले. वेगवेगळ्या देशांच्या म्हाताऱ्या बाया तेथे आपापल्या पद्धतीने चाती व चरख्यावर सूत काढून दाखवीत. लोक पाहावयास गर्दी करीत. एके दिवशी त्या मुलीने पाहिले की शिकलेले लोक आपल्या आईच्या हातातील कसबाचे कौतुक करीत आहेत. जेनबाईंनी तिला त्या आईच्या गावाविषयी, तेथून उठून परक्या शहरात येण्याच्या धैर्याविषयी सांगितले. त्यानंतर ती आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली. आपल्या मुलांनी घरी कोणती भाषा बोलावी यावर आपण वाद घालतो. वादापेक्षा आजीचे कसब व आजीची हकीकत मुलांपुढे मानाने ठेवली, तर कदाचित अधिक उपयोग होईल.

येथे उपदेश होत होता काय?

हा प्रश्न वाचकांच्या मनात एव्हाना आला असेल. तो रास्त आहे. हल हाऊस उघडण्यापूर्वी जेनबाई बाप्तिस्मा घेऊन प्रेस्बिटेरियन मंडळीत सामील झाल्या होत्या. १८९२ साली दिलेल्या एका व्याख्यानात सेटलमेंटच्या कार्यामागील प्रेरणा सांगताना त्यांनी ख्रिस्ती प्रेरणेला स्पष्ट स्थान दिले. ख्रिस्ताची प्रीती समाजाच्या रोजच्या व्यवहारातून प्रकट व्हावी, अशी त्यांची धारणा होती. परंतु हल हाऊसच्या कार्यक्रमात धर्मोपदेश नव्हता. शेजारी रोमन कॅथलिक, ग्रीक मंडळीचे, यहूदी असे होते. रशियातून आलेल्या कित्येक यहूद्यांनी तर ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांच्या हातून छळ सोसला होता. त्यांच्या दाराशी जाऊन प्रथम काय बोलावे? जेनबाईंनी ठरवले की बोलू नये, राहावे. यामुळे त्या काळच्या पुष्कळ उपदेशकांनी त्या घराला अधार्मिक ठरवले.

या बाबतीत जेनबाईंचे सगळे आपण जसेच्या तसे स्वीकारावे असे मला वाटत नाही. सुवार्ता सांगणे हे मंडळीचे काम आहे आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही. परंतु एक गोष्ट मला नाकारता येत नाही. प्रभूने सुमारे तीन वर्षे उपदेश केला. त्याआधी तीसएक वर्षे तो नासरेथात शेजाऱ्यांमध्ये, त्यांच्यासारखाच हाताने काम करीत, राहिला. आम्ही उपदेश करणारे त्या तीन वर्षांचे अनुकरण करू पाहतो आणि तीस वर्षांना वगळतो. ज्याच्या मुलाचे नाव आपणांस ठाऊक नाही, त्याच्या आत्म्याविषयी बोलण्याचा अधिकार आपणांस कोठून येणार?

मान गेला, काम राहिले

पहिल्या महायुद्धापर्यंत जेनबाई अमेरिकेतील अत्यंत आदरणीय स्त्रियांपैकी एक होत्या. १९१५ साली हेग येथे बारा देशांतील हजाराहून अधिक स्त्रिया युद्ध थांबवण्यासाठी जमल्या. त्या परिषदेच्या जेनबाई अध्यक्ष होत्या. शिकागोत शत्रुदेशांतून आलेली कुटुंबे एकाच जिन्यावर राहताना त्यांनी पंचवीस वर्षे पाहिली होती. म्हणून देशही तसे राहू शकतील हा त्यांचा विश्वास होता. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हाही त्यांनी आपले मत बदलले नाही. वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवले, जुने स्नेही दुरावले, सभांची निमंत्रणे बंद झाली. १९१९ साली त्या पराभूत जर्मनीत जाऊन उपाशी मुलांना अन्न पोहोचवण्याच्या क्वेकरांच्या कार्यात सहभागी झाल्या. परत आल्यावर शत्रूच्या मुलांसाठी मदत मागितली म्हणून पुन्हा निंदा झाली.

१९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक निकोलस मरे बटलर यांच्यासह विभागून मिळाले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री होत. पारितोषिक वितरणाच्या दिवशी त्या रुग्णालयात होत्या. २१ मे १९३५ रोजी त्यांना देवाज्ञा झाली. हजारो शेजारी हल हाऊसच्या अंगणात अंत्यदर्शनाला आले. सीडरव्हिलच्या दफनभूमीत आईवडिलांजवळ त्यांचा देह ठेवला आहे.

हल हाऊसच्या बहुतेक इमारती १९६० नंतरच्या काही वर्षांत विद्यापीठाच्या विस्तारासाठी पाडल्या गेल्या. मूळ वाडा व भोजनगृह राहिले. तेथे आता संग्रहालय आहे. त्यांच्या नावाने चाललेली सेवासंस्था पैशांअभावी जानेवारी २०१२ मध्ये बंद झाली. विटा कायम राहत नाहीत. बालन्यायालय, बालमजुरीविरुद्धचे कायदे, पाळणाघर या गोष्टी मात्र आज जगभर आहेत आणि त्या कोणत्या घरातून निघाल्या हे कोणी विचारतही नाही.

नागपाडा आणि आपण

या कार्याची एक शाखा आपल्याच अंगणात उगवली हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १९२३ साली जगप्रवासात जेनबाई हिंदुस्थानात येऊन गेल्या होत्या. त्यानंतर मुंबईत भायखळ्याजवळ अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू झाले. मिशनरी डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे प्रमुख होते. मुसलमान, यहूदी, हिंदू, ख्रिस्ती अशा मिश्र, कामकरी वस्तीत हे घर सर्वांसाठी खुले होते. याच घरात १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने, त्यांच्या विश्वस्त निधीच्या साहाय्याने, समाजसेवेचे शिक्षण देणारी संस्था उघडली. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. १९४४ साली तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले व १९५४ साली ती देवनारला गेली. समाजकार्याच्या शिक्षणाची भारतातील पहिली संस्था मराठी मिशनच्या शेजारघरात जन्मली, ही आपल्या मंडळ्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

अभिमानाबरोबर एक प्रश्नही येतो. आपल्या कित्येक मंडळ्या शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच मोहल्ल्यात आहेत. कुंपण पक्के आहे, फाटक रविवारी उघडते, उपासना होते, फाटक बंद होते. कुंपणाबाहेर कोण राहतो? त्याची मुले शाळेत जातात काय? त्याच्या गल्लीत पाणी येते काय? मोठ्या इमारती, मोठा निधी आपल्यापाशी नसेल. हल हाऊसचा आरंभही तीन बायांनी, एका वाड्यात, शेजारणीचे तान्हे मूल सांभाळून केला होता.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सूचना कराविशी वाटते. पुढच्या वेळी शोमरोन्याचा दाखला शिकवाल तेव्हा वर्गाला गृहपाठ द्या: प्रार्थनामंदिराच्या सर्वांत जवळच्या दहा घरांत कोण राहते, त्यांची नावे लिहून आणा. मुलांना ती नावे सांगता आली नाहीत, तर ती विचारण्यास त्यांच्याबरोबर आपणही जावे. आपल्या शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी जाण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो.